रिकम्बंट सायकल: घाट, चौक आणि उसाच्या ट्रॉल्या

प्रश्न : नवीन दोनचाकी रिकम्बंट (मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल) निघतानाच लटपटते, सरळ जातच नाही. (शाहूपुरी, सातारा)

हँडल सैल धरा. साध्या सायकलवर तोल जाऊ लागला की आपण कमरेने सावरतो. इथे पाठ सीटला टेकलेली, त्यामुळे सगळं सावरणं हँडलवर येतं. आवळून धरलं तर ते हवं त्यापेक्षा जास्त वळतं. आधी हलक्या उताराचा मोकळा रस्ता शोधा. पाय पायडलवर न ठेवता, जमिनीपासून चार बोटं वर धरून, तीस-चाळीस मीटर सायकल नुसती घरंगळू द्या. नजर चाकावर नको, दहा-पंधरा मीटर पुढे.

मग निघायचं. हलका गिअर, ब्रेक दाबलेला, जोरकस पायाचं पायडल वर आणि जरा अंगाकडे. ब्रेक सोडून एकच दमदार रेटा द्या आणि दुसरा पाय लगेच उचला. या क्षणी बहुतेक जण पाठ उचलतात. मागे टेकू नसला की रेटा फुकट जातो.

प्रश्न : साध्या सायकलने कासला जायचो. रिकम्बंटवर यवतेश्वर घाटातच गुडघे दुखतात. (गोडोली, सातारा)

चढावर उभं राहून पायडल मारायची सोय इथे नाही, अंगाचं वजन कामी येत नाही. म्हणून जोर कमी, पायडलचे फेरे जास्त: मिनिटाला ७५ ते ८५. त्यासाठी गिअर तसे हवेत. चेनच्या पुढच्या चक्राला ४२ आणि मागच्याला २८ दाते असतील तर २६ इंची चाकाची सायकल एका फेऱ्यात तीन मीटरहून जास्त जाते. घाटात गुडघे याच्यानेच जातात. पुढे २४, मागे ३४ केलं तर ते अंतर दीड मीटरच्या आत येतं आणि ७५ फेऱ्यांना ताशी साडेसहा किमी वेग मिळतो. बदल करण्याआधी मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) एवढी सैल चेन ताणून धरेल का, ते मेकॅनिककडून बघून घ्या. वेग पाचच्या खाली गेला की तोल राहत नाही. मग उतरून ढकलायची, त्यात लाज कसली! गिअर मात्र चढ पायाला जाणवायच्या आधीच टाका.

सीटपासून पायडल किती लांब आहे तेही तपासा. टाच पायडलवर ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा पायडल फार जवळ आहे, मागून दुखत असेल तर फार लांब. एका वेळी पाच मिलिमीटरच सरकवा.

घाटाच्या तीव्र वळणावर आतल्या बाजूला चढ सगळ्यात खडा असतो, शिवाय काही मॉडेलमध्ये टाच पुढच्या चाकाला घासते. समोरून काही येत नसेल तर वळण रुंद घ्या आणि तेवढ्यापुरते अर्धेच फेरे मारा.

उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिमवर धरणारा ब्रेक असेल तर २० इंची छोटी रिम लवकर तापते, ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दाबा, वळणात सोडा. खड्ड्यावर अंग उचलता येत नाही, दणका थेट पाठीत बसतो. म्हणून वेग आधीच कमी हवा.

प्रश्न : सांगली-मिरज रस्त्यावर तीनचाकी रिकम्बंट चालवावी का? (विश्रामबाग, सांगली)

सपाटीला तीनचाकी उत्तम, थांबल्यावर पाय टेकायला नको. पण तुमचं डोकं मोटारीच्या खिडकीच्याही खाली असतं. दोन्ही बाजूंना आरसे, माणसाच्या उंचीएवढ्या काठीवर भडक झेंडा आणि दिवसाही लुकलुकणारा मागचा दिवा, एवढं हवंच. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरशेजारून कधीही जाऊ नका. चालकाला तुम्ही दिसत नाही, आणि वळताना मागची ट्रॉली आत ओढली जाते.

पाय पायडलला पट्ट्याने किंवा क्लिपने धरलेले असावेत. घसरलेला पाय जमिनीला अडकला की चालती गाडी त्याला आपल्याखाली ओढते. घोटा, पोटरी मोडू शकते.

प्रश्न : रिकम्बंट इतकी वेगवान असूनही शर्यतीत का दिसत नाही? (कराड)

१९३३ मध्ये फ्रेंच सायकलपटू फ्रान्सिस फोरने रिकम्बंटवर तासात ४५ किमीचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने व्याख्या बदलून तिला शर्यतीबाहेर काढलं.

प्रश्न : चेन तुटली तर? (वाई)

साध्या सायकलच्या अडीच ते तीन चेन जोडून ही चेन होते. तुमच्या चेनच्याच स्पीडच्या (मागे जितके गिअर तितक्या) दोन क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायच्या सुट्या कड्या, आणि चेन तोडायचं अवजार पिशवीत ठेवा.