रिव्हिजन सर्जरी करूनही सातच किलो उतरले, आता मनाला कसं सावरायचं?

ताई, तुमच्या प्रश्नातलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्याच्या. 2019 ला स्लीव्ह केली, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून घेतला, तेव्हा 126 किलो होतात, 84 पर्यंत उतरलात, मग चढत चढत 104 झालात. वर्षभरापूर्वी रिव्हिजन, म्हणजे दुसऱ्यांदा ऑपरेशन करून त्या स्लीव्हचं बायपास करून घेतलं (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात), आणि आता काटा 97 वर अडकलाय. "रोज अजिंक्यतारा चढते, तरी हलत नाही. एवढा खर्च केला, घरात मान वर करून बोलायची सोय राहिली नाही," असं लिहिलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ: "ॲसिडिटी तेवढी गेली म्हणा."

मी सांगलीची, पतसंस्थेत हिशेबाला आहे. माझंही आधी स्लीव्ह आणि मग बायपास, आणि वजनाची गतही तुमच्यासारखीच. डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचं जे काही लिहीन ते तुमच्या सर्जनला विचारल्याशिवाय करू नका.

तुमची ती शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. त्या नळीत दाब वाढतो, आणि बऱ्याच जणांना त्यातून आम्ल वर यायला लागतं. ज्याला झालंय त्यालाच कळतं. रात्री दोन वाजता ठसका लागून उठायचं, तोंडात आंबट-कडू पाणी, मग पाठीमागे उशांचा ढीग लावून बसल्या बसल्या झोपायचं. मिस्टरांची झोपमोड नको म्हणून मी कितीतरी रात्री बाहेरच्या खोलीत सोफ्यावर काढल्यात. ही नुसती गैरसोय नसते. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट्स म्हणतात, आणि त्यातून पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून स्लीव्हनंतर ॲसिडिटी आवरेनाशी झाली की बायपास सुचवतात. त्या कामासाठी ते चांगलं ऑपरेशन आहे. वजनासाठी तेच ऑपरेशन दुसऱ्यांदा केलेलं असलं की तेवढं चालत नाही, हे आधी कोणी नीट बसवून सांगत नाही. मला सांगितलं असेलही, पण सहीच्या कागदांच्या गठ्ठ्यात ते वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

कमी का उतरतं, त्याला कारणं आहेत आणि त्यात तुमचा आळस कुठेच नाही. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः जठराच्या त्याच भागात तयार होतं जो स्लीव्हमध्ये काढून टाकतात. म्हणजे तो फायदा तुम्ही 2019 लाच वापरून घेतलात, बायपासला तो पुन्हा तेवढा मिळायचा नाही. पोट लहान होण्याचं नवलही शरीराला उरलेलं नसतं. त्यात एकदा मोठं वजन उतरलेलं शरीर कमी इंधनावर चालायला शिकतं. आधीपासूनच 97 किलोची असलेली बाई आणि 126 वरून 97 ला आलेली बाई दोघी सारखंच जेवल्या, तर दुसरीचं वजन वाढण्याची शक्यता जास्त. अन्याय आहे, पण आहे तो असा आहे.

आता हिशेब. तुम्ही मोजताय 104 पासून, म्हणून सात किलो दिसतात. मनातल्या मनात मोजताय 84 पासून, म्हणून तेरा किलो जास्त दिसतात. मी मोजेन 126 पासून. 29 किलो, म्हणजे मूळ वजनाच्या 23 टक्के. स्वीडनमध्ये 1987 ला सुरू झालेला या शस्त्रक्रियांचा मोठा अभ्यास आहे. त्यात पहिल्यांदाच बायपास झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं होतं आणि दहा वर्षांनी ते 25 टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे थोडं परत येणं हे सगळ्यांचंच, अगदी ज्यांचं ऑपरेशन यशस्वी म्हणून गणलं गेलं त्यांचंसुद्धा. तुमचे 23 टक्के त्याच्या शेजारी ठेवून बघा. हे मी बरं वाटावं म्हणून नाही सांगत. चुकीच्या आकड्यावरून मोजलं की पुढचे निर्णयही चुकीचे होतात. "फेल गेलं" असं मनाने घेतलं की माणूस गोळ्या घ्यायचं सोडतं, तपासणीला जायचं टाळतं, सर्जनसमोर उभं राहायला लाजतं.

तरीही वाईट वाटणारच. ते वाटून घ्या. 84 किलोच्या काळात शिवलेले ब्लाऊज तुमच्या कपाटात असणार. टाकून देऊ नका, पण रोज उघडायच्या कप्प्यातही ठेवू नका. ज्यांच्या शिवणीत माया सोडलीय ते शिंप्याकडून उसवून घ्या आणि आज अंगाला होतील असे चार नवे शिवा. "उतरल्यावर शिवू" म्हणून ढगळ गाऊनमध्ये वर्ष काढणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यांनी लग्नकार्यालाही जायचं सोडलं होतं.

लोकांचं काय करायचं? उतरलात की विचारतात, "काय वैनी, शुगर-बिगर निघाली का?" भरलात की म्हणतात, "आगं, पोट कापून घिऊन पन हाय तशीच की!" हळदीकुंकवाला गेलं की आपल्या ताटलीत किती पडलंय ते बघणारी एक तरी असतेच. बाहेरच्यांना मी एकच सांगते, पित्ताचं ऑपरेशन होतं, आता बरं आहे. खोटं नाही, आणि विषय तिथेच संपतो. घरच्यांचं अवघड. आमच्या सासूबाईंनी एकदा जेवताना काढलं, "तेवढ्या पैशात गावाकडं गुंठा-दोन गुंठं आलं असतं." मी म्हटलं, "आत्या, तुमचा गुडघा दुसऱ्यांदा बदलला तेव्हा कुणी म्हणालं का, आता पळून दाखवा म्हणून? दुखायचं थांबलं, चालता यायला लागलं, एवढंच बघितलं ना सगळ्यांनी?" त्या काही बोलल्या नाहीत, पण गुंठ्याचा विषय परत निघाला नाही. तुमच्या घरात कोणतं वाक्य चालेल ते तुम्हालाच माहीत. पण एक तयार ठेवा, कारण ऐन वेळी सुचत नाही, रडू येतं.

आता खाण्याचं. तुम्ही लिहिलंय, "जेवण तर चिमणीएवढं आहे." मला त्यात शंका नाही. पण जेवण सोडून काय जातं ते बघा. आमच्याकडे दुपारी चारला ऑफिसात भडंग निघतं. सांगलीत राहून भडंग नाही म्हणणं म्हणजे अवघडच. कागदावर ओतलेलं असतं, येता-जाता मूठ मूठ उचलायची. चुरमुरा तोंडातच विरतो, पोटात जागा धरत नाही, पाच मिनिटांत खाली सरकतो. पोट भरल्याची जाणीवच होत नाही, आणि शेंगदाणे-तेलासकट तासाभरात एका जेवणाइतकं आत गेलेलं असतं. चहात बुडवलेल्या खारीचंही तेच. तुमच्याकडे कंदी पेढा आहे, आणखी वाईट. उलट वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन उकडलेली अंडी खाऊन बघा, अर्ध्यातच पोट थांब म्हणतं. नवीन पोट घट्ट अन्नालाच अडवतं, मऊ आणि विरघळणाऱ्याला अडवत नाही. म्हणून आधी प्रथिनं, रोज साधारण 60 ते 80 ग्रॅम, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नको, नाहीतर अन्न धुऊन खाली जातं. भडंग मी सोडलेलं नाही. वाटीत घेऊन, खुर्चीवर बसून, एकदाच खाते.

गोडाचा बंदोबस्त बायपास स्वतःच करतं म्हणतात, ते अर्धंच खरं. काहींना जिलेबी खाल्ली की पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, चक्कर सुरू होते. काहींना काहीच होत नाही. त्रास होत नाही म्हणजे चालतं, असं नाही. आणि जेवणानंतर दोनेक तासांनी हातपाय गळून थरथरायला लागलं तर तीही साखर एकदम खाली गेल्याची खूण असू शकते, डॉक्टरांना सांगा.

अजिंक्यताऱ्याचं चढणं मात्र सोडू नका. त्याने काटा फार हलत नाही हे खरं, पण उतरलेलं परत न येण्यात आणि स्नायू टिकवण्यात त्याचा वाटा मोठा. आठवड्यातून दोन-तीन वेळा थोडं वजन उचलायचा व्यायाम जोडा. आणि काट्यावर आठवड्यातून एकदाच. रोज चढलात तर पाण्याचं वजन बघूनच दिवस खराब होईल.

सर्जनकडे जाल तेव्हा "माझं काय चुकलं" असं विचारू नका. विचारा की एंडोस्कोपी आणि बेरियमचा फोटो (बेरियमचं पांढरं औषध पाजून काढतात तो एक्स-रे) काढून नवीन पोट आणि जोड कसे दिसतात ते बघायचं का. कधी पोट मोठं झालेलं असतं, कधी जोड सैलावलेला असतो, कधी सगळं ठाकठीक निघतं. थायरॉइड बघून घ्या. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी स्टेरॉइड, इन्सुलिन, मनाच्या किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी दाखवा, कारण त्यातल्या काहींनी वजन वाढतं. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

तिसऱ्या ऑपरेशनचा विचार कोणी डोक्यात घातला असेल तर घाई नको. प्रत्येक वेळी आतली चिकटलेली आतडी सोडवत काम करावं लागतं, गळतीचा धोका वाढतो, आणि आतडं आणखी बायपास केलं तर कुपोषण आणि सततचे जुलाब मागे लागू शकतात. त्याआधी औषधांचा रस्ता आहे. मार्च 2025 मध्ये टिर्झेपाटाइड आणि जून 2025 मध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं. त्याच जातीतल्या लिराग्लुटाइडचा लंडनमधला अभ्यास 2023 ला छापून आला होता, तो खास अशाच लोकांवर, ज्यांचं ऑपरेशननंतर पुरेसं उतरलं नव्हतं. 24 आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन सरासरी जवळपास 9 टक्के उतरलं, नुसतं नावापुरतं इंजेक्शन घेणाऱ्यांचं जागेवरच राहिलं. पण ही औषधं बंद केली की वजन परत चढायला लागतं, भूक मरते म्हणून प्रथिनं कमी पडतात, आणि उलट्या लांबल्या तर बी1 ची कमतरता होऊ शकते. जिममधल्या ओळखीतून किंवा मेडिकलवाल्याला सांगून आणण्याची ही गोष्ट नाही.

दोन गोष्टी आपल्या भागासाठी मुद्दाम लिहिते. मिश्री लावत असाल तर आजच बंद. तंबाखूने बायपासच्या जोडाला व्रण होतात. आणि गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या नकोत, तेच होतं. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी बायपास झालंय हे सांगायचं. दारू हा तुमचा प्रश्न नसेल, पण कोणी दादा वाचत असतील तर त्यांच्यासाठी: बायपासनंतर ती रक्तात फार पटकन चढते, आणि खाण्याची जागा पिणं घेतं अशी उदाहरणं कमी नाहीत.

"कधी कधी वाटतं, हे सगळं कशाला, आपणच नसतो तर बरं," असंही एक वाक्य तुम्ही लिहिलंय. ते मी नुसतं वाचून सोडून देणार नाही. ते वाक्य घरातल्या एका माणसाला मोठ्याने सांगा आणि 14416 ला फोन लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. अशा ऑपरेशननंतर मन खचणं डॉक्टरांना नवीन नाही, त्यावर उपचार आहेत. गोळी लागली तर वजन न वाढवणारी निवडता येते, फक्त बायपास झालंय हे मानसोपचारतज्ज्ञांना सांगा, कारण काही गोळ्यांचं शोषण बदलतं.

आणि रक्त तपासून किती दिवस झाले ते बघा. निराशेत पहिल्यांदा सुटतात त्या गोळ्या, आणि त्या आयुष्यभराच्या आहेत: मल्टिव्हिटॅमिन, बी12, लोह, डी3, कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेटचं घ्या, ते आम्ल कमी असतानाही शोषलं जातं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको. रिपोर्ट हातात आला की नुसतं हिमोग्लोबिन बघून "बरं आहे" म्हणू नका, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघा. ते आधी खाली जातं, हिमोग्लोबिन मागून. ते कमी निघालं तर किल्ला चढताना लागणारा दम आणि दिवसभराचा थकवा यांचं निम्मं कारण तिथेच सापडेल, आणि गोळी पुरत नसेल तर लोह सलाईनमधूनही देतात.