ऐरोलीच्या चिखलावरचा तपकिरी थर

ओहोटीला ऐरोलीच्या खाडीत चिखलावर सोनेरी-तपकिरी साय दिसली, तेच सारगॅसमसारखं तपकिरी शेवाळ का, असं तुम्ही विचारलंय. तेच नव्हे, पण नातलग नक्की. ती साय बहुधा डायटमची आहे. हे सिलिकाच्या कवचात राहणारे एकपेशीय जीव. पाणी ओसरलं की उजेडासाठी चिखलाच्या वर सरकतात आणि भरतीआधी परत आत जातात. खाडीतले लहान फ्लेमिंगो जे गाळून खातात, त्यात हेही असतात.

आता नात्याचं. हिरवं, लाल, तपकिरी अशी तीन सख्खी भावंडं असल्यासारखं आपण शाळेत शिकतो. मला ती मांडणी दिशाभूल करणारी वाटते. हिरवं आणि लाल शेवाळ वनस्पतींच्या बाजूचं. तपकिरी मात्र डायटमसोबत ओक्रोफायटा गटात. दोघांत हरितद्रव्य अ आणि क, शिवाय तो तपकिरी रंग देणारं फ्यूकोझँथिन. हरितलवकाभोवती दोन नव्हे, चार पटलं, कारण ते मुळात गिळलेल्या लाल शेवाळापासून आलेलं आहे. तपकिरी शेवाळात साठवण स्टार्चची नाही, लॅमिनारिन या शर्करेची. त्याच्या पेशीभित्तिकेत अल्जिनेट, जे आइस्क्रीम दाटसर ठेवायला वापरतात.

मग मोठं तपकिरी शेवाळ ऐरोलीत का नाही? त्याला मुळं नसतात. अन्नद्रव्यं ते सर्वांगानं शोषतं आणि बुडख्यानं फक्त खडकाला चिकटून राहतं. खाडीत चिखल, गढूळ पाण्यात उजेड कमी, त्यात पावसाळ्यात गोडं पाणी. तिवरांच्या श्वसनमुळांवर हिरवं शेवाळ टिकतं, कारण खारेपणातली चढउतार त्याला सोसते.

पाहायचंच असेल तर खडकाळ किनारा गाठा: कुलाब्याची बाजू, किंवा सवड असेल तर सरळ रत्नागिरी-मालवण. हिवाळ्यात, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जा. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी पुरेसं उतरत नाही. पंख्यासारखी, चुन्याचे पांढरट पट्टे असलेली पडिना लगेच ओळखू येते. तपकिरी शेवाळांत चुना साठवणाऱ्या अगदी थोड्यांपैकी ती एक. सारगॅसमच्या फांद्यांवर हवेचे फुगे असतात, त्यामुळे ते पाण्यात उभं राहतं. केल्पची, म्हणजे अवाढव्य तपकिरी शेवाळांची जंगलं मात्र इथे शोधू नका, त्यांना थंड पाणी लागतं.

आणि खडकावरचं उपटू नका. भरतीरेषेवर वाहून आलेले तुकडे भिंगाखाली पाहायला पुरतात.