रोबोट फ्रेमवर्कचा लॉग फुगलाय, काय कापू?

तुम्ही विचारलंय की रोबोट फ्रेमवर्क या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या साधनात रात्रीच्या रननंतर लॉगची एचटीएमएल फाइल उघडताना ब्राउझर अडकतो, आत तोच एरर वीस-वीसदा दिसतो, तर पास झालेल्या टेस्टचा तपशील उडवावा का. उडवा, पण ते नंतर. तुमचं खरं दुखणं वेगळं दिसतंय.

एकच एरर वीसदा दिसतोय म्हणजे बहुधा कुठेतरी ‘वेट अंटिल कीवर्ड सक्सीड्स’ वापरलंय, म्हणजे एखादा कीवर्ड (टेस्टमधली एक पायरी) यशस्वी होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायची सोय. दोन मिनिटांची मुदत आणि दर पाच सेकंदांनी प्रयत्न असं दिलं, की फसलेले वीस-बावीस प्रयत्न लॉगमध्ये सहज जमतात. शेवटचा प्रयत्न यशस्वी झाला तरी आधीचे सगळे तिथेच! त्यात ब्राउझर चालवणारी सेलेनियम लायब्ररी असेल तर तिचा कीवर्ड फसला रे फसला की ती आपणहून स्क्रीनशॉट काढते. मग प्रत्येक प्रयत्नाला एक फोटो. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये फोल्डरभर एकाच लोडिंगच्या चक्राचे फोटो होते, आणि आम्ही आठवडाभर सर्व्हरच्या डिस्कला दोष देत बसलो होतो.

यावर सोपा उतारा म्हणजे रन करताना ‘रिमूव्हकीवर्ड्स’ या पर्यायाला ‘डब्ल्यूयूकेएस’ (‘वेट अंटिल कीवर्ड सक्सीड्स’ची आद्याक्षरं) ही किंमत द्या. फसलेल्या प्रयत्नांपैकी फक्त शेवटचा राहतो, बाकीचे लॉगमधून जातात. फोटोंच्या फाइली मात्र डिस्कवर तशाच राहतात. त्यासाठी रीट्रायच्या आधी ‘रजिस्टर कीवर्ड टू रन ऑन फेल्युअर’ने फोटो बंद करा आणि नंतर आठवणीने परत चालू करा. त्याहून बरं म्हणजे नुसतं एखादं बटण दिसायची वाट बघायची असेल तर ‘वेट अंटिल एलिमेंट इज व्हिजिबल’ वापरा. ते आतल्या आत तपासत राहतं, लॉगमध्ये एकच ओळ.

आता ‘पास्ड’. ‘रिमूव्हकीवर्ड्स’ला ही किंमत दिली की पास झालेल्या टेस्टमधले कीवर्ड लॉगमधून जातात, पण वॉर्निंग असलेले राहतात, त्यामुळे मला तरी धाकधूक वाटत नाही. शिवाय थेट रन करताना हे पर्याय आउटपुटच्या एक्सएमएल फाइलला, म्हणजे रनचा सगळा निकाल जिच्यात साठतो तिला, हात लावत नाहीत. ती जपून ठेवा, उद्या कुणी पास झालेल्या टेस्टचा तपशील मागितला तर ‘रीबॉट’ हे रोबोट फ्रेमवर्कचंच सोबतचं साधन चालवून तिच्यातून पूर्ण लॉग पुन्हा बनवता येतो. फक्त रीबॉटलाच नवी एक्सएमएल लिहायला सांगून हे पर्याय दिलेत, तर त्या नव्या फाइलमधून तपशील जातो.

‘लॉगलेव्हल’ची, म्हणजे लॉगमध्ये किती बारीक तपशील लिहायचा त्या पातळीची, गोष्ट वेगळी. त्या पातळीखालचं रनच्या वेळीच लिहिलं जात नाही, मग ते कुठूनच परत मिळत नाही. म्हणून ‘इन्फो’ या नेहमीच्या पातळीच्या वर जाऊ नका. पण आधी रनची कमांड एकदा बघा, कुणीतरी डीबग करताना ‘ट्रेस’ ही सगळ्यात तपशीलवार पातळी लावून विसरलेलं असतं. ट्रेसवर प्रत्येक कीवर्डचे आर्ग्युमेंट आणि परतावाही लिहिला जातो.