टेस्टमध्ये एआय वापरलं, आता कंपनी खुलासा मागतेय

प्रश्न : आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मुलानं एका खासगी आयटी कंपनीची ऑनलाइन कोडिंग टेस्ट दिली, मग समोरासमोर इंटरव्ह्यू झाला, ऑफर लेटर आलं. जुन्या नोकरीचा राजीनामा दिलाय, नोटीस पिरियड सुरू आहे. आता मेल आलाय : उत्तरं एआयची दिसतात, तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर ऑफर रद्द आणि पोलीस तक्रार. एका प्रश्नाला त्यानं चॅटजीपीटीची मदत घेतली होती. ‘वापरलंच नाही’ असं लिहून द्यावं का?

उत्तर : मुळीच नाही. आणि खुलासा मुलानं स्वतः लिहावा. तो सज्ञान आहे, सही त्याची लागते.

आधी टेस्टच्या सूचना काढा. एआयला स्पष्ट मनाई होती का, त्यानं कशावर टिक केलं होतं? मनाईच नसेल तर बाजू बरीच भक्कम. असेल, तर भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 17 म्हणजे कपट आणि कलम 19 लागू होऊ शकतं : कपटानं मिळवलेली संमती कंपनी नाकारू शकते. पण त्याच कलम 19 चं स्पष्टीकरण म्हणतं की संमती कपटामुळे मिळालेली नसेल, म्हणजे ते नसतं तरी मिळाली असती, तर त्या कपटावरून करार रद्द करता येत नाही. म्हणून इंटरव्ह्यू महत्त्वाचा. तिथं त्यानं कोड स्वतः समजावून सांगितला असेल, तर खुलाशात ते ठळक लिहा. एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची टक्केवारी हा पक्का पुरावा नव्हे. स्क्रीन रेकॉर्डिंग मात्र असू शकतं, आणि मग खोटा खुलासा मूळ चुकीपेक्षा महाग पडेल.

पेपरफुटीविरोधी 2024 च्या केंद्रीय कायद्याची भीती सोडा. तो यूपीएससी, एसएससी, रेल्वे, आयबीपीएस, एनटीए अशा सार्वजनिक परीक्षांसाठी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 ची, म्हणजे फसवणुकीची, तक्रार कंपनी देऊ शकते; पण त्यात अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो. त्याच्या जागी दुसऱ्यानं टेस्ट दिली असती तर गोष्ट फार गंभीर झाली असती.

कंपनीनं तयार करून पाठवलेल्या कबुलीजबाबावर सही करू नये. स्वतःच्या शब्दांत, एकाच प्रश्नापुरतं, खरं तेवढं लिहावं. पुन्हा टेस्ट द्यायची तयारीही दाखवावी. ऑफर गेलीच, तर ‘नोकरी द्याच’ असा आदेश खासगी कंपनीविरुद्ध कोर्टातून मिळणं जवळपास अशक्य. त्यामुळे राजीनामा मागे घेण्याचा मेल जुन्या कंपनीला आजच जाऊ द्या. रिलीव्हिंग लेटर निघालं की ती वाट बंद.