वाचकांचे प्रश्न : मुरलेल्या सिगारची पारख

प्रश्न : माझे दिवंगत मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. त्यांच्या सामानात ‘पार्टागास सेरी डी नंबर 4’ या क्यूबन सिगारची जवळजवळ भरलेली पेटी मिळाली. ती त्यांनी ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगारसाठी आर्द्रता राखणाऱ्या पेटीत, जपून ठेवली होती. पेटीच्या तळाशी तापवलेल्या शिक्क्याचा मजकूर असून शेजारी शाईने उमटवलेली ‘ओएलएसए’ अशी चार रोमन अक्षरे आहेत. हे सिगार किती जुने असावेत आणि ते ओढताना नव्यापेक्षा वेगळे काय जाणवावे?
— एक वाचक, दुबई

उत्तर : ती चार अक्षरे म्हणजे पेटीची तारीख आहे. 1985 पासून 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत क्यूबातील कारखाने पेटीवरची तारीख सांकेतिक अक्षरांत छापत असत. ‘निव्हेल अकूसो’ या शब्दजोडीतील एन, आय, व्ही, ई, एल, ए, सी, यू, एस आणि ओ ही दहा अक्षरे अनुक्रमे 1 ते 9 आणि शून्य या अंकांसाठी वापरली जात. त्या हिशेबाने आपली पेटी 0596, म्हणजे मे 1996 मधील आहे. तळाच्या शिक्क्यात ‘आबानोस एस. ए.’ हे नाव आहे ना, तेवढे पाहून घ्यावे. ही वितरण कंपनी 1994 मध्ये स्थापन झाली, त्यामुळे 1996 च्या पेटीवर ते नाव नसेल तर ती अस्सल असल्याबद्दल शंका घ्यायला हवी.

आता चवीकडे वळू. सिगारच्या वयाविषयी बोलताना वर्षाचा आकडा सर्वांत आधी सांगितला जातो, परंतु माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारात घ्यावा. पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता अबाहो भागात पिकलेले पान सिगारमध्ये वळले जाण्यापूर्वीच ढिगांत रचून आंबवलेले असते. ढिगाच्या आतल्या उष्णतेने त्यातला अमोनिया आणि बराचसा उग्रपणा निघून जातो. तरीही थोडा अमोनिया मागे उरतो, आणि वळताना पान ओलसर केलेले असल्यामुळे ताज्या सिगारला काही महिने एक झोंबरा, कच्चा वास येत राहतो. पुढे वर्षानुवर्षे हेच काम अतिशय संथ गतीने चालू राहते : उरलेला अमोनिया उडून जातो, तुरटपणा ओसरतो, तिखटपणा मऊ होतो. मात्र ज्या तेलांमुळे पानाला सुगंध असतो, तीही याच काळात हळूहळू कमी होत असतात. काळ सिगारमध्ये नवे काही घालत नाही. तो त्यातले काही काढून घेतो आणि तिखटपणाखाली दबलेल्या चवी त्यामुळे समोर येतात. म्हणूनच जो सिगार मुळात सौम्य होता, तो वीस-पंचवीस वर्षांनी नुसताच फिका लागतो, त्याचे वय कितीही आदराने सांगितले तरी.

आपले नशीब असे, की मामांनी निवडलेला सिगार मुळात दमदार आहे. झाडाच्या शेंड्याकडची, सर्वाधिक ऊन खाल्लेली, जाड आणि तेलकट पाने ‘लिहेरो’ म्हणून ओळखली जातात. ज्या मिश्रणात त्यांचा वाटा भरपूर असतो ते दीर्घकाळ टिकून राहते, आणि पार्टागासची ख्याती अशाच भारी मिश्रणांसाठी आहे.

ओढण्यापूर्वी एक तयारी अवश्य करावी. याच प्रकारचा नवा सिगार आजही बनतो. तो आणून आधी एका संध्याकाळी ओढावा आणि दुसऱ्या दिवशी जुना घ्यावा. नव्याची मिरीसारखी झणझण जिभेला आठवत असेल, तरच जुन्यात काय उरले आणि काय गेले हे नेमके कळेल. जुन्याचे बाहेरचे पान ठिसूळ झालेले असण्याचा संभव असल्यामुळे टोक कापण्यापूर्वी ते ओठांनी किंचित ओले करावे आणि धारदार कटरने अगदी थोडेच कापावे. मग न पेटवता दोन-तीन झुरके घ्यावेत. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मागणी एकाएकी वाढल्याने क्यूबात कित्येक सिगार फार घट्ट वळले गेले. हवा मुळीच येत नसेल तर तो सिगार बाजूला ठेवावा, कारण जोर लावून ओढलेला सिगार तापतो आणि तापलेला जुना सिगार कडवट होतो. या कोऱ्या झुरक्यांतच वाळलेले गवत, खारीक, जुन्या लाकडी कपाटाचा वास असे काहीबाही जाणवू लागते.

पेटवताना ज्योत पानाला भिडू देऊ नये. मिनिटाला साधारण एकच झुरका घ्यावा, धूर छातीत न नेता तोंडात फिरवावा आणि त्याचा अगदी थोडा अंश नाकावाटे सोडावा, कारण जुन्या सिगारचे बरेचसे सौंदर्य जिभेपेक्षा नाकाला उमगते. पहिला तृतीयांश भाग जवळजवळ शांत वाटला तरी निराश होऊ नये. चांगल्या रीतीने मुरलेल्या पार्टागासमध्ये मध्यभागी भाजलेल्या बदामाची, जायफळाची, मातकट गोडीची चव उलगडते आणि धूर सोडल्यावरही ती तोंडात बराच वेळ रेंगाळते. मला विचाराल तर जुन्या सिगारची खरी कसोटी हे रेंगाळणेच आहे. सोबत गोड मद्य किंवा मसालेदार खाणे ठेवू नये. साधे पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा पुरे.

प्रश्न : मुरलेल्या सिगारचा धूर घशाला लागत नाही. म्हणजे तो नव्या सिगारपेक्षा कमी अपायकारक असतो, असे मानावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मानू नये. झोंबणे कमी झाले तरी जळणारे पान तेच असते आणि त्यापासून निघणारे डांबर व कार्बन मोनॉक्साइडही तेच असतात. धूर छातीत न घेणाऱ्यांनाही तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका असतो, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. धूर मऊ लागतो म्हणून माणूस अधिक ओढतो, हा धोका मला जास्त गंभीर वाटतो. ज्यांना सिगारची सवय नाही, त्यांनी केवळ कुतूहलापोटी ती लावून घेऊ नये.

प्रश्न : पुण्यात मी काही सिगार लाकडी पेटीत मुरवत ठेवले आहेत. पावसाळ्यात त्यांवर पांढरी पूड दिसली. ती चांगल्या मुरण्याची खूण आहे असे एकाने सांगितले. ते खरे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पावसाळ्यात दिसलेली पांढरी पूड ही बुरशीच समजावी. ती केसाळ असेल, ठिपक्याठिपक्यांनी आलेली असेल, किंवा सिगारच्या उघड्या टोकावर दिसत असेल, तर शंकेला जागाच नाही. टोकाच्या आत शिरलेली बुरशी असलेले सिगार टाकून द्यावेत. केवळ पृष्ठभागावर पुसट थर असलेले कोरड्या मऊ कापडाने पुसून वेगळ्या डब्यात ठेवावेत.

मूळ दोष आर्द्रतेचा आहे. दीर्घकाळ मुरवण्यासाठी सापेक्ष आर्द्रता 62 ते 65 टक्के आणि तापमान 16 ते 18 अंश सेल्सिअस असावे. पुण्याची हवा एप्रिलमध्ये याहून बरीच कोरडी आणि जुलैत फार दमट असते, त्यामुळे नुसत्या लाकडी पेटीवर विसंबता येत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रता राखणाऱ्या पुड्या ठेवणे अधिक भरवशाचे. आतल्या आर्द्रतामापकाची परीक्षाही करावी. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याच्या थेंबांनी लगद्यासारखे ओले करावे आणि मापकासह हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवावे. आकडा 75 दिसला पाहिजे. जितका फरक असेल तितका पुढच्या प्रत्येक नोंदीत धरावा. पेटीसाठी वापरले जाणारे ‘स्पॅनिश सीडर’ हे लाकूड देवदाराच्या कुळातले नसून कडुनिंबाच्या कुळातले आहे. ते ओलावा शोषते आणि परतही देते, पण मुसळधार पावसापुढे त्याची क्षमता अपुरी पडते.

पेटी उघडलीच आहे, तर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात का तेही पाहावे. आपल्याकडे साठवणीच्या हळदीला आणि मिरचीला लागणारा तपकिरी भुंगेराच तंबाखूलाही लागतो, आणि तापमान 25 अंशांच्या वर राहिले की त्याची अंडी उबण्याचा संभव वाढतो. भोके आढळल्यास उरलेले सिगार हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत आणि त्यानंतर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत. पिशवी घाईने उघडली, तर थंड पानावर दव धरून बाहेरचे पान उलते.