चिखलातून गाडी काढायला दीड लाख?

प्रश्न: मी कळव्याला राहतो, वय ३८. नोकरी ऐरोलीत, हातात ९४,००० रुपये येतात. घराच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च ६२,०००, एसआयपी १२,०००. पत्नी सध्या घरी असते, मुलगी सहा वर्षांची. बचत खात्यात १,१०,००० आहेत. २०१४ची ट्रॅव्हलर व्हॅन सेकंडहँड घेतली आहे, मागच्या सीट काढून पलंग आणि छोटा ओटा बसवलाय. पावसाळ्यात नाणेघाट, माळशेजच्या बाजूला जातो. तीन वर्षांत गाडी दोनदा रुतली. एकदा ट्रॅक्टरवाल्याने १,५०० घेतले, एकदा २,०००. म्हणून पुढे विंच (मोटरने दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) असलेला लोखंडी बंपर सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बनवायचा विचार आहे. रबाळ्याच्या फॅब्रिकेटरने विंच सोडून नुसत्या बंपरचे ५५,००० सांगितले. मी केलं तर विंच आणि वेल्डिंग मशीनसकट सगळं ९७,०००मध्ये बसतं, सामानाची यादी सोबत जोडली आहे. क्रेडिट कार्डावर १६ टक्क्यांनी १२ हप्ते मिळतायत. करू का?

उत्तर: तुमची यादी दोनदा वाचली. ग्राइंडरच्या चकत्यासुद्धा मोजून लिहिणारा माणूस पैशाच्या बाबतीत बेफिकीर नसतो, त्यामुळे मीही गुळमुळीत बोलत नाही. हा बंपर करू नका. वेल्डिंग मात्र जरूर शिका. या दोन इच्छा तुम्ही एकाच बिलात बसवल्यात आणि घोळ तिथेच आहे.

आधी बचतीचा हिशेब. तुमच्या यादीत विंच ४८,०००, प्लेट आणि पाइप ७,०००, लेझर कटिंग ६,०००, मिग वेल्डिंग मशीन १९,०००, ग्राइंडर आणि चकत्या ४,५००, मास्क-हातमोजे-जॅकेट ३,५००, पावडर कोटिंग ५,०००, केबल आणि स्विच ४,०००. बेरीज बरोबर आहे. पण ‘फॅब्रिकेटरचे ५५,००० वाचतात’ हे वाक्य बरोबर नाही. बंपरला लागणारं लोखंड, कटिंग आणि रंग मिळून १८,०००, आणि तो करण्यासाठी घ्यायची हत्यारं २७,०००. झाले ४५,०००. वाचले १०,०००. पहिल्यांदाच हातात मशीन धरणाऱ्याचा एक बंपर भंगारात जातोच, तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पुन्हा प्लेट आणायचे ७,००० वजा करा. उरले ३,०००, तेही दोन महिन्यांचे रविवार खर्ची घालून. मशीन तुमच्याकडे राहील हे खरं, पण त्याचा उपयोग बंपरवर अवलंबून नाही. त्याकडे नंतर येते.

आता यादीत नसलेले आकडे. सामानासकट गाडी साडेतीन टनांच्या आसपास, असं तुम्हीच लिहिलंय. विंच निवडताना गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट ओढण्याची ताकद धरतात, म्हणजे सव्वापाच टन. तुम्ही निवडलेलं ९,५०० पाउंडांचं विंच ४.३ टनांचं. शिवाय हा आकडा ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरलेला असतानाचा असतो. दोर जितका ड्रमवर गुंडाळलेला, तितकी ओढ कमी. चाकं तळापर्यंत रुतली की गाडीच्या वजनाहून जास्त जोर लागू शकतो. म्हणजे १२,००० पाउंडांचं घ्यावं लागेल. तुमच्याच दुकानदाराच्या भावाने ते साधारण १५,००० जास्त. पूर्ण जोरात ते चारशे अँपिअरच्या घरात करंट खेचतं, तेव्हा जुन्या बॅटरीवर भागणार नाही: १२,०००. कप्पी, शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी), झाडाला गुंडाळायचा पट्टा: ८,०००.

मग वजन. पाच मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर प्लेट ३९ किलो भरते. बंपर साठ-सत्तर किलोंचा, वर विंच आणि दोर. शंभर किलोंहून जास्त भार पुढच्या एक्सलच्याही पुढे लटकणार, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचं काम निघणार. १५,००० धरा. फुकट गेलेल्या प्लेटचे ७,००० धरून एकूण १,५४,०००.

ट्रॅक्टरचा दर दर वेळी २,००० धरला, तर एवढ्यात तो ७७ वेळा येईल. तीन वर्षांत दोनदा या वेगाने हिशेब करू नका, तुमचं वय निघून जाईल.

तुम्ही म्हणाल, रात्री दहाला, धो धो पावसात, पोरगी गाडीत असताना ट्रॅक्टर कुठून आणू? हा मुद्दा मला पटतो आणि तो रुपयांत मोजता येत नाही. पण विंचलाही धरायला काहीतरी लागतं. घाटमाथ्यावरच्या मोकळ्या सड्यावर मजबूत झाड शोधून दाखवा. आणि पुढचं विंच गाडीला पुढेच ओढतं. रुतलेल्या माणसाला बहुतेक वेळा मागे, म्हणजे आला त्या घट्ट जमिनीवर, परत जायचं असतं. समोर आणखी चिखल असेल तर दीड लाख खर्चून तुम्ही अधिक खोलात जाल.

इथवर नुसता खर्च झाला. खरी जोखीम पुढे आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही, ज्यामुळे नोंदणीतला तपशील आणि उत्पादकाने दिलेली गाडी यांत फरक पडेल. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुलबार (बंपरपुढे लावायचे लोखंडी गार्ड) बसवलेल्या गाड्यांवर याच कलमाच्या आधारे कारवाई करायला राज्यांना सांगितलं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत, हीच भूमिका घेतली. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘माझ्या मॉडेलला एअरबॅगच नाहीत, मग सेन्सरचा प्रश्न येत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. गार्डमुळे एअरबॅगच्या सेन्सरला धक्का नीट कळत नाही, हा मुद्दा तुम्हाला लागू नाही, पण मंत्रालयाची काळजी पादचाऱ्यांचीही होती. कळवा नाक्यावर संध्याकाळी सात वाजता तुमच्या गाडीपुढून किती माणसं रस्ता ओलांडतात ते बघा, आणि त्यांच्यासमोर पाच मिलिमीटरची प्लेट कल्पून बघा.

घोडबंदर रोडवर बुलबार लावलेल्या पन्नास गाड्या दिसतात, त्यांना कोण विचारतं? रस्त्यावर कदाचित कोणी नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र विचारतो. माझ्या मामेभावाच्या जीपला असाच गार्ड होता. शिळफाट्याजवळ ठोकर बसली तेव्हा गार्ड शाबूत राहिला आणि सगळा धक्का गार्डच्या पायांमधून चेसीकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे गेला. सर्व्हेअरने पहिला फोटो गार्डचाच काढला. कंपनीने दावा कापून निम्म्यावर आणला, आणि भांडायला कागद एकही नव्हता, कारण गार्ड बसवल्याचं त्याने कधी कळवलंच नव्हतं.

गाडीच्या नुकसानीचे पैसे बुडाले तर बुडाले, ते एकदाचं. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीने ज्याला इजा होईल त्याचा प्रश्न वेगळा. मृत्यू किंवा जखमेच्या भरपाईला कमाल मर्यादा नसते. पॉलिसीच्या अटींचा भंग सिद्ध झाला, तर ‘कंपनीने आधी भरावं आणि नंतर मालकाकडून वसूल करावं’ असे आदेश न्यायालयं देतात. वसुली तुमच्या ९४,००० पगारातून आणि कळव्याच्या फ्लॅटवरून होईल. ७७ ट्रॅक्टरांचा हिशेब त्यापुढे पोरखेळ आहे.

आणि वेल्ड तुमचा स्वतःचा असणार. विंच बसवलेल्या बंपरवर चार-पाच टनांची ओढ येते. शिकाऊ हाताचा वेल्ड वरून माशाच्या खवल्यांसारखा देखणा दिसतो आणि आत लोखंडाला धरलेलाच नसतो. हे डोळ्यांना दिसत नाही. ताणलेला दोर सुटला किंवा बंपर उखडला, की समोरच्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.

सोसायटीबद्दल फक्त एवढंच: पार्किंगमध्ये शेजारी सीएनजी गाड्या उभ्या असताना ग्राइंडरच्या ठिणग्या उडवायला कोणतीही कमिटी परवानगी देणार नाही, आणि दिली तर त्या कमिटीचीच मला काळजी वाटेल.

गाडी २०१४ची, म्हणजे २०२९मध्ये १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येईल आणि आरटीओत गाडी दाखवावी लागेल. तेव्हा तो बंपर उतरवून मूळचा बसवायचा, म्हणजे मूळचा बंपर इतकी वर्षं कुठेतरी सांभाळायचा. वन बीएचकेमध्ये तो पलंगाखाली मावत नाही. न विचारता आणखी एक सांगते. सीट काढून पलंग बसवलाय, तो बदलही कलम ५२मध्येच येतो. आरसीवरची आसनक्षमता आणि गाडीतली आसनं जुळत नसतील, तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीत ते लेखी मिटवा.

कार्डाच्या हप्त्यांबद्दल. ९७,०००वर १६ टक्क्यांनी महिना ८,८०० च्या आसपास हप्ता बसेल. वर्षाचं व्याज ८,६००, व्याजावर १८ टक्के जीएसटी, प्रोसेसिंग फी वेगळी. दहा हजारांवर गेलं. म्हणजे घरी बनवून वाचवलेले ३,००० बँकेने घेतले आणि वर सात हजार तुमच्याकडूनच काढले. बचत खात्यातून द्यायचे म्हटलं, तर तिथे जेमतेम पावणेदोन महिन्यांचा खर्च आहे. कमावणारे तुम्ही एकटे. तो पैसा गाडीचा नाही, घराचा आहे. त्याला हात लावायचा नाही.

मग काय करायचं? गाडी पुन्हा रुतू नये याच्यावर खर्च करा. टायर पाहा. हायवेच्या गुळगुळीत टायरांवर तुम्ही नाणेघाटाच्या कच्च्या रस्त्यावर जाताय, असा माझा अंदाज आहे. पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हा खोल नक्षीचे घ्या, तो खर्च नाहीतरी येणारच आहे. हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर घ्या, म्हणजे चिखलात हवा कमी करून बाहेर आल्यावर पुन्हा भरता येईल. चाकाखाली घालायच्या पट्ट्यांची जोडी, एक फावडं, चांगला पट्टा आणि हाताने ओढायचा पुलर. ही सगळी जुळणी २५,०००मध्ये बसवा. पुलर गाडीत सुटा राहतो, बोल्टही मारावा लागत नाही, आणि तो मागूनही ओढतो. वेळ जास्त लागतो आणि हात दुखतात, हे मान्य. पैसे कार्डावर टाकू नका. खर्च आणि एसआयपी जाऊन महिन्याला २०,००० उरायला हवेत. ते कुठे जातात हे तुमच्या पत्रात नाही, त्याचा शोध घ्या. त्यातले १२,००० आपत्कालीन खात्यात आणि ५,००० गाडीच्या वेगळ्या खात्यात टाका. पाच महिन्यांत सामान रोखीने येईल.

आणि वेल्डिंग. मिग मशीन आत्ता नको. साधं इन्व्हर्टर आर्क मशीन आणि ६०१३ नंबरच्या वेल्डिंग रॉडचा पुडा घेऊन एखाद्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे शनिवारी दुपारी बसा. वागळे इस्टेटमध्ये गाळ्यागाळ्यात हे काम चालतं, आणि शिकणाऱ्याला हाकलून देणारे लोक तिथे मला तरी कमी भेटलेत. आधी मुलीच्या सायकलचा स्टँड करा, मग कुंड्यांची मांडणी, मग खिडकीचा ग्रिल. यातलं काही तुटलं तर कुंडी फुटेल.

गाडी कधी, कुठे, कशी रुतली आणि सुटायला किती वेळ नि किती पैसे लागले, याची वही ठेवा. दोन पावसाळे गेल्यावर ती मला पाठवा. पाचापेक्षा जास्त नोंदी असतील तर विंच नको, त्या वाटेसाठी दुसरी गाडी घ्यायची का, यावर बोलू.