जोगेंद्रनाथ मंडल यांची कारकीर्द वाया गेली असं म्हणता येईल का?

वाया? बाबासाहेब 1946 मध्ये संविधान सभेत पोचले ते या माणसामुळे. तेवढं एकच काम त्यांनी केलं असतं, तरी असं विचारायला जागा उरली नसती.

बारिशालकडच्या (आता बांगलादेशात) नमोशूद्र, म्हणजे बंगालातल्या एका दलित जातीच्या, शेतकरी घरातला मुलगा 1934 मध्ये कायद्याची पदवी घेतो, वकिली सुरू करतो आणि 1937 मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराला पाडून बंगालच्या विधानसभेत जातो. तेही राखीव नाही, खुल्या जागेवरून. 1943 मध्ये प्रांतात मंत्री. 1946 च्या निवडणुकीत बाबासाहेबांचा पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, सगळीकडे झोपला. मुंबई प्रांतात एकही आमदार नाही, बंगालात एकटे मंडल. राखीव जागा असल्या तरी मतदार सगळे एकत्र, त्यामुळे निवडून कोण येणार हे बाकीचेच ठरवत. पुणे कराराचा तो हिशोब मंडलांनी स्वतः भोगलेला होता.

‘जेसोर-खुलना मतदारसंघातून बाबासाहेब निवडून आले’ असं जिथेतिथे लिहितात. असा मतदारसंघच नव्हता. संविधान सभेचे सदस्य प्रांतांचे आमदार निवडायचे, पसंतीक्रमाच्या मतांनी. मंडलांनी बंगालातल्या दलित आमदारांना गाठून ती मतं जमवली. पुढे फाळणीत ती जागा गेली, तेव्हा एम. आर. जयकरांनी राजीनामा दिल्याने रिकाम्या झालेल्या जागेवर मुंबईतून बाबासाहेबांना पुन्हा निवडून आणलं गेलं.

आता माझं दुखणं. मी गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्याकडे चामोर्शी, मुलचेरा भागात साठच्या दशकात वसवलेली बंगाली निर्वासितांची गावं आहेत, त्यात नमोशूद्र पुष्कळ. एका 14 एप्रिलला आमच्या वस्तीतल्या कार्यक्रमात मला मंडलांवर बोलायला सांगितलं. मी चार पानं लिहून नेली. समितीचं काम बघणारा माझा चुलतभाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, त्याने स्टेजच्या मागे ती पानं चाळली, खिशातला लाल पेन काढला आणि तिसऱ्या-चौथ्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या रेघा मारल्या. “एवढं कायले सांगतं बे? सेहेचाळीसवर थांब. पाकिस्तान आणू नको.” लोक बसलेले, माईक चालू. मी थांबलो सेहेचाळीसवर.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे बंगाली गृहस्थ सायकल धरून माझ्यापाशी आले. त्यांचं घराणं बारिशालचं. म्हणाले, “जोगेनबाबूंचं पुढचं का नाही बोलले? आमचं सगळं तर पुढेच झालं.” दादा तिथेच खुर्च्या मोजत उभा होता. त्याने ऐकलं आणि “जेवायला चला” म्हणाला.

ते पुढचं असं. मुस्लिम लीगने मंडलांना फाळणीआधीच्या भारताच्या हंगामी सरकारात कायदा खात्यावर पाठवलं. 10 ऑगस्ट 1947 ला कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक झाली, तेव्हा तात्पुरते अध्यक्ष मंडल होते. नंतर ते तिथले कायदा आणि श्रम मंत्री झाले. 1950 च्या सुरुवातीला पूर्व बंगालात दंगली झाल्या, बारिशालमध्ये त्यांचीच माणसं मारली गेली, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अलींना लांबलचक राजीनामापत्र लिहिलं. तोवर ते कलकत्त्यात आले होते. पुढची अठरा वर्षं निर्वासितांसाठी झटले, निवडणुका लढवल्या, एकही जिंकली नाही. 1968 मध्ये गेले.

दादासारखे लोक 1946 ला थांबतात आणि व्हॉट्सॲपवाले थेट राजीनाम्यापासून सुरू करून ‘बघा, मुसलमानांवर विश्वास ठेवल्याचं फळ’ म्हणतात. दोघांनाही अर्धाच माणूस हवा असतो. त्याच पत्रात मंडलांनी लीगबरोबर जाण्याचं कारण दिलंय: बंगालातला मुसलमान बहुतांशी शेतकरी-मजूर, दलितही तसाच, दोघेही शिक्षणात मागे, दोघांचे आर्थिक प्रश्न सारखे. जमीनदार बहुतेक सवर्ण हिंदू होते, ते बघितलं की हा विचार समजतो. गद्दार म्हणणाऱ्याने आधी सांगावं, 1946 मध्ये त्यांनी कुणाच्या दारात जायला हवं होतं?

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मात्र माझं म्हणणं नाही. मार्च 1949 मध्ये पाकिस्तानच्या सभेने उद्दिष्टांचा ठराव केला आणि राज्याला धर्माची चौकट दिली. त्या दिवशीच मंत्रिपद सोडायला हवं होतं. दीड वर्ष उशीर झाला.

तुम्ही विद्यार्थी असाल तर राजीनामापत्र पूर्ण वाचा, सुरुवातीचे परिच्छेद गाळू नका. आणि आमच्याकडची बंगाली गावंही बघून या. पश्चिम बंगालात नमोशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. दादाचं म्हणणं, लोकांना एवढं ऐकायचं नसतं. सायकलवाले काका तर ऐकायलाच आले होते. पुढच्या वेळी मला बोलावलं तर मी 1968 पर्यंत बोलणार, हे दादाला सांगून ठेवलंय.